ढमढेऱ्यांचा दिवाणी मोक्का

भास्करराव ढमढेऱ्यांनी एकदा समुद्रपक्ष्यांवर मोक्का लावायचा ठरवला होता.

द हेगच्या किनाऱ्यावर आमच्या मराठी मंडळाची सहल होती. मी घरून बटाटेवडे करून नेले होते. भास्कररावांनी पहिला वडा उचलला आणि तो तोंडाशी नेणार तोच एक सीगल समोरून ओरडत आला. ते त्याच्याकडे बघायला वळले, तेवढ्यात मागून दुसऱ्याने वडा पळवला. सगळे हसले. भास्करराव हसले नाहीत. ते वाळूत उभे राहून त्या पक्ष्यांकडे टक लावून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी दोघांचे वडे त्याच पद्धतीने गेले. मग ते अगदी समाधानाने माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मानसी, एकट्याने नेला तर ती भूक. दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा नेला तर तो पॅटर्न. सातत्य आहे, संगनमत आहे आणि इजा आहे. ही टोळी आहे."

"मग लावा मोक्का," मी म्हटलं.

"लावला असता. पण समन्स कुठे बजावणार?" हे त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मीसुद्धा क्षणभर आभाळाकडे पाहिलं.

मोक्का म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या टोळीला तो लागलेला असतोच. पण तो लावतात पोलिस. भास्कररावांचं म्हणणं असं की पोलिसांची वाट कोण बघणार? "अमेरिकेत रिको नावाचा कायदा आहे. केला माफियांसाठी, पण त्यात एक सोय ठेवलीये. टोळीने ज्याचा धंदा बुडवला, मालमत्ता लुबाडली, तो तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस स्वतः दिवाणी कोर्टात जाऊन दावा लावू शकतो. पोलिस नको, सरकारी वकील नको. आणि जिंकला तर भरपाई तिप्पट." तिप्पट म्हणताना ते तीन बोटं वर करत आणि पुढचं वाक्य संपेपर्यंत ती खाली घ्यायला विसरत. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं होतं दिवाणी मोक्का. आम्ही राहतो त्या बाडहूव्हडॉर्प गावातल्या मराठी पोरांनी त्यांना नाव दिलं होतं मोक्काकाका.

हे खूळ त्यांना नोकरीतून लागलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या बँका आणि वकील काचेच्या टॉवरांत राहतात तिथे, एका लॉ फर्मच्या आयटी विभागात ते काम करतात. अमेरिकेत दोन कंपन्यांचं भांडण लागलं की त्यांच्या इथल्या ऑफिसांतल्या ईमेल भास्कररावांच्या सर्व्हरवर येऊन पडतात. कोणी कोणाला काय लिहिलं, सीसीमध्ये कोणाला ठेवलं, कोणाला मुद्दाम वगळलं, याची साखळी लावून द्यायची हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या ईमेल वाचून माणसाचं व्हायचं तेच झालं. नवराबायको भाजी निवडताना बोलत असले तरी यांना प्रश्न पडतो, सीसीमध्ये कोण असेल?

वय पंचावन्नच्या आसपास, अंगावर बारा महिने सायकलवाल्यांचं पिवळं चमकतं जाकीट, उजव्या पायाच्या पँटला क्लिप. घरात शिरल्यावरही ती क्लिप काढत नाहीत. मूळचे पुण्याचे, लग्न केलेलं नाही. का नाही, असं विचारलं की म्हणतात, "सातत्य जमलं नाही." समजावून सांगायला त्यांना कागद-पेन लागत नाही, समोर असेल ते मांडतात. आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी तेच तिघे गातात, हा कट आहे हे त्यांनी माझ्या डायनिंग टेबलावर तीन चकल्या मांडून सिद्ध केलं होतं. एक चकली अध्यक्ष, दुसरी त्याची मेहुणी, तिसरा साउंड सिस्टीमवाला. "सातत्य आहे, संगनमत आहे, आणि इजेचं म्हणाल तर तुम्ही ऐकलंयच." मग त्यांनी मेहुणी खाऊन टाकली.

मला खरं सांगायचं तर या माणसाची मजाही वाटायची आणि वैतागही यायचा. माझे वडील नागपूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. दिवाणी दावा आजोबांनी लावायचा आणि निकाल नातवाने ऐकायचा, हे मी जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी झाले. त्यामुळे भास्कररावांनी तीन बोटं वर केली की मी चहा ठेवायला उठायचे.

त्यांचं दुसरं खूळ मात्र सगळ्यांना आवडायचं. ते लोकांना घर बघून देत. घरं नव्हे, एकच घर. ते राहतात त्या रस्त्यावर, त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. या देशात भाड्याचं घर मिळवायचं म्हणजे पगाराची स्लिप हातात धरून तीस जणांच्या मागे उभं राहायचं आणि एजंटाने आपल्याकडे बघावं म्हणून गोड हसायचं. असं असताना पुण्याहून नुकत्याच उतरलेल्या जोडप्याला कोणी म्हणालं की चला, घर आहे, तर ते जोडपं त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवतं. भास्करराव त्यांना एजंटाकडे नेत, गादी वर चढवायला मदत करत, पहिल्या दिवशी पिठलंभात पाठवत. त्या फ्लॅटमधून एक मराठी कुटुंब बाहेर पडलं की दुसरं आत, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

घराला एकच खोड होती. करारात लिहिलेलं असे की या पत्त्यावर नावनोंदणी करता येणार नाही. इथे प्रत्येकाला आपला राहता पत्ता खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदवावा लागतो. पण मालकाचा कोणी भाचा त्या घरात कागदोपत्री राहत होता. तो प्रत्यक्षात कुठे होता, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. एजंट म्हणे, थोडं अ‍ॅडजस्ट करा. आणि आपली माणसं अ‍ॅडजस्ट करण्यात पटाईत. कोणी मित्राचा पत्ता लावला, कोणी जुनाच चालू ठेवला, वर्षदोन वर्षं काढली आणि पुढे गेले.

मग तिथे रसिका आणि ओंकार आले. सांगलीची पोरं, दोघंही आयटीत. सहा महिन्यांत रसिकाला दिवस गेले आणि ठरलं की बाळंतपणाला तिची आई येणार. आईचा व्हिसा काढायचा तर इथून हमीपत्र पाठवावं लागतं. रसिका ते घेऊन खेमेंटेत सही-शिक्क्याला गेली. काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि विचारलं, तुम्ही नक्की राहता कुठे? जुन्या पत्त्यावरून तिचं नाव केव्हाच निघालं होतं आणि नव्या पत्त्यावर ते लागलं नव्हतं. कागदाच्या हिशेबाने रसिका कुठेच राहत नव्हती. अशा बाईच्या हमीवर आईला कोण येऊ देणार?

ओंकारने एजंटाला फोन केला. दुसऱ्या दिवशी घराच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस आला. हा स्वतःला मॅनेजर म्हणवत असे. तो सोफ्यावर बसून अगदी हळू आवाजात म्हणाला की ज्यांना नोंदणी हवी असते त्यांना बहुतेक लवकर दुसरं घर बघावं लागतं, आणि अशा दिवसांत घर शोधणं किती त्रासाचं. जाताना त्याने रसिकाला तब्येतीला जपायला सांगितलं.

हे रसिकाने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं तेव्हा भास्करराव तिथेच होते. मला वाटलं आता चकल्या निघणार. पण त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आई कधी यायला हवी?"

"आठव्या महिन्यापर्यंत तरी, काका."

"येईल," ते म्हणाले आणि जाकिटाची चेन वर ओढून निघून गेले.

आठवड्याभरात त्यांनी साठ पानांचा दावा लिहिला. मालक, एजंट आणि मॅनेजर मिळून टोळी. अमेरिकन कायद्याची कलमं, त्यांतले शब्द, आणि शेवटी तिप्पट भरपाई. तो घेऊन आम्ही मोफत सल्ला देणाऱ्या एका डच बाईंकडे गेलो. भास्कररावांचं डच व्याकरणशुद्ध पण फार सावकाश आहे, म्हणून सोबत मी. बाईंनी साठही पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "फार मेहनत घेतलीत. पण हा कायदा अमेरिकेचा आहे. इथे चालत नाही."

भास्कररावांचा चेहरा असा उतरला की बाईंनाच वाईट वाटलं असावं. "मात्र," त्या म्हणाल्या, "आमच्या दिवाणी संहितेत एक छोटं कलम आहे. माणसांनी गटाने मिळून कोणाचं नुकसान केलं, तर गटातला प्रत्येक जण त्याला जबाबदार ठरतो. मी फक्त किल्ल्या सांभाळत होतो, असं म्हणून सुटता येत नाही." त्यांनी स्क्रीन वळवून ते कलम दाखवलं.

"एवढंच?" भास्करराव म्हणाले. "चार ओळी?"

बाहेर पडल्यावरही त्यांचं तेच चालू होतं. डच लोकांचं दुपारचं जेवण आणि कायदा सारखाच, पाव, चीज, संपलं. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मानसी, चार ओळींत मावतंय सगळं. तिप्पट नाही, पण प्रत्येक जण आहे. घरभाड्याच्या दाव्याला वकील लागत नाही, आणि बाळंतपण म्हटल्यावर तातडीची सुनावणी मिळते. पोरांच्या वतीने मी दाखल करतोय."

"भास्करराव, बाळंतपण तोंडावर आलंय. त्यांनी पोरांना घराबाहेर काढलं तर?"

"काढू देणार नाही." या वेळी मला चहा ठेवायला उठावंसं वाटलं नाही.

आता सातत्य दाखवायचं तर जुने भाडेकरू हवेत. रसिकाच्या आधीची चार कुटुंबं देशभर पांगली होती. भास्कररावांना चौघांचे पत्ते तोंडपाठ, कोणाची मुलं कितवीत आहेत तेही. द हेगला एकांकडे मीही गेले. तिथल्या नवऱ्याने सरळ हात वर केले. "काका, आम्ही निघालो ना तिथून. आता स्वतःचं घर आहे. कशाला कोणाच्या वाकड्यात शिरायचं?" त्याच्या बायकोने पोहे आणले. भास्कररावांनी बशी हातात घेतली आणि मांडीवर ठेवून दिली. "तू लिहून दे, मग खातो." पोहे गार झाले, बायकोने दोनदा गरम करून आणले, बाहेरून ट्रामवर ट्राम गेल्या. हा माणूस ढिम्म. शेवटी बायकोच नवऱ्याला म्हणाली, "अरे, दे बाबा लिहून, मला पोह्यांची दया येतेय." अशा रीतीने चारही जबान्या गोळा झाल्या. चौघांनीही आपल्याला घर कोणी दाखवलं हे मोकळेपणाने लिहिलं होतं. ते वाचून आमच्यापैकी कोणाला काहीच वाटलं नाही. आपल्या माणसाने आपल्या माणसाला घर बघून दिलं, यात वाटायचं काय?

कोर्टात न्यायाधीश एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या. रसिका सातवा महिना सांभाळत ओंकारशेजारी बसली होती, मागे मी. समोर एजंट, मॅनेजर आणि त्यांचा तरुण, नम्र वकील. मालक आला नव्हता. भास्कररावांनी येताना मशीनवरून कॉफीचे रिकामे कागदी कप आणले होते. ते त्यांनी टेबलावर मांडले. इकडे तीन कप मालक, एजंट, मॅनेजर. तिकडे पाच कप पाच कुटुंबं. बाईंनी कपांकडे पाहिलं, भास्कररावांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चालू ठेवा."

ते बोलले मात्र छान. सावकाश, एकेक क्रियापद जागच्या जागी ठेवत. भाचा कागदावर राहतो, माणसं खोलीत राहतात. एक जण करार करतो, दुसरा घाबरवतो, तिसरा भाडं घेतो. पाच वेळा हेच. शेवटी ते रसिकाकडे हात करून म्हणाले, "आणि इजा ही. या मुलीला आई हवी आहे, आणि आईला यायला या मुलीचा पत्ता हवा आहे."

मग तो नम्र वकील उठला. "श्रीयुत ढमढेरे म्हणतात की साखळीत जो जो आहे तो जबाबदार. मला एवढंच विचारायचंय की ही पाच कुटुंबं माझ्या अशिलांकडे आली कशी? अशिलांनी कधीच जाहिरात दिली नाही."

एजंट बसल्या जागेवरून बोलला. त्याच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, उलट जुनी ओळख निघाल्यासारखं तो बोलला. "हेच आणायचे सगळ्यांना. आणि आमचे पहिले भाडेकरू तर हेच. तीन वर्षं राहिले त्या घरात, नोंदणीशिवाय. अट यांच्याइतकी कोणालाच माहीत नाही."

रसिकाने मान वळवून भास्कररावांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते त्या घरात राहून गेलेत हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटत होतं, समोरचं घर म्हणून त्यांना नुसतं माहीत असेल.

बाईंनी विचारलं, "हे खरं आहे?"

भास्कररावांनी पायाशी ठेवलेला आणखी एक कप उचलला. तो त्यांनी पाच कुटुंबांकडे ठेवला नाही. पलीकडे, तीन कपांच्या रांगेत ठेवला. "हा मी," ते म्हणाले. "खरं आहे. कलमात प्रत्येक जण लिहिलंय. मलाही प्रतिवादी करून घ्या. हे तिघं कसं काम करतात ते मी आतला माणूस म्हणून सांगतो."

त्यांनी तो कप आधीच बाजूला काढून आणला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

इथल्या न्यायाधीशांची एक पद्धत आहे. दोन्ही बाजूंचं ऐकून झालं की ते म्हणतात, जरा बाहेर पॅसेजमध्ये जा, आपसात जमतं का बघा. आम्हालाही धाडलं. रसिका बाकावर बसली. भास्करराव तिच्यासमोर उभे राहिले, पायाची क्लिप तशीच.

"काका, तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"होतं."

"मग आम्हाला का पाठवलंत तिथे?"

मला वाटलं आता सातत्य-संगनमत येणार. पण ते म्हणाले, "मी ते घर सोडून समोर राहायला आलो, तेव्हा ते महिनाभर रिकामं होतं. मग मी एजंटाला एका मराठी जोडप्याचा नुसता नंबर दिला आणि ते राहायला आलं. त्यातल्या मुलीने खिडकी उघडून विचारलं, काका, कढीपत्ता आहे का? मी किती दिवसांत कोणाशी मराठी बोललो नव्हतो, फोन सोडून. ते गेले तेव्हा मी ठरवलं, हे घर रिकामं राहू द्यायचं नाही. नोंदणीचं डोक्यात यायचं. मी म्हणायचो, माझं काय अडलं? माझ्यासाठी येणारं कोणी नव्हतं, म्हणून माझं नाही अडलं. एवढी साधी गोष्ट लक्षात नाही आली."

रसिका उठली आणि ओंकारजवळ जाऊन उभी राहिली. मला या माणसाचा संताप आला होता. आणि तो संताप पुरता करता येत नव्हता, कारण मी सायकलने दहा मिनिटांवर राहत होते आणि ते कसे राहतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात वकील आला. आतला माणूस बोलणार म्हटल्यावर त्यांची घाई झाली होती. भाच्याचं नाव निघेल, रसिका-ओंकारची नोंदणी होईल, लगेच. मात्र मालक आता घर विकणार, आणि बाळंतपणानंतर महिन्याभरात पोरांनी ते स्वखुशीने सोडायचं.

"तिप्पट," भास्करराव म्हणाले.

"काय?"

त्यांनी तीन बोटं वर केली. "तीन महिने. हिची आई येईल, राहील, परत जाईल, मग घर सोडतील. नाहीतर मी आत जाऊन बोलतो."

वकिलाने एजंटाकडे पाहिलं आणि मान डोलावली. सही करायच्या आधी मी भास्कररावांना बाजूला घेऊन म्हटलं, "घर विकलं जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

"दावा लिहायला बसलो तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पेन आहे का तुझ्याकडे?"

नोंदणी झाली, हमीपत्रावर शिक्का बसला, व्हिसा आला. विमानतळावर आईला आणायला मी आणि ओंकार गेलो. रसिकाने भास्कररावांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि ते आले नाहीत. नंतरही ते समोरच्या घराकडे फिरकले नाहीत. सकाळी पिवळं जाकीट घालून निघत, मान खाली घालून सायकल काढत.

रसिकाची आई सुमनताई म्हणजे सांगलीच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून विचारलं, हा माणूस रोज आपल्या घराकडे बघायचं टाळतो, तो कोण? रसिकाने सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ताईंनी स्वेटर चढवला, रस्ता ओलांडला आणि भास्कररावांची बेल दाबली. मागोमाग रसिकाही गेली म्हणून मला हे कळलं. दार उघडल्यावर ताई म्हणाल्या, "माझ्या लेकीला तुम्ही अंधारात ठेवलंत, हे मी विसरणार नाही. मी आज इथे उभी आहे ती तुमच्यामुळे, हेही विसरणार नाही. दोन्ही लक्षात ठेवून बोलावते आहे. जेवायला चला."

ते गेले. पुढे मुलगी झाली, तिच्या बारशाला आम्ही सगळे होतो. त्या दिवशी भास्करराव पाळण्याजवळ उभे होते आणि गाणारे नेहमीचेच तिघे होते, तरी ते काही बोलले नाहीत. ताई परत गेल्या. रसिका-ओंकारला हारलेमच्या बाजूला घर मिळालं, नोंदणीसकट. समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक डच जोडपं राहतं. ते भास्कररावांना रोज हात करतात, आणि हेही करतात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. हल्ली जाते. ते आलं किसत होते आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा दाव्याबद्दल सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून नुकता आलेला कोणी मुलगा होता. त्याला कोणीतरी नंबर दिला होता, म्हणाला, काका, तुमच्या समोर एक घर असतं म्हणे. फोन स्पीकरवर होता.

"ते गेलं," भास्करराव म्हणाले. "घर नाही माझ्याकडे."

मुलगा बरं म्हणाला, त्रास दिल्याबद्दल सॉरी म्हणाला आणि फोन ठेवायच्या बेतात होता.

"थांब. तू रविवारी काय करतोस?"

पलीकडे जरा गोंधळ झाला. "काही नाही, काका. का? काही काम होतं का?"

भास्कररावांनी किसणी खाली ठेवली. 

"नाही रे," ते म्हणाले. "काम काही नाही. नुसता ये."